कुत्र्याची रेबीज लस तुमच्या घराला कशी वाचवते?

मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नाही. तरीही हा लेख कुत्र्यांना दिल्या जाणाऱ्या लसीबद्दल आहे. याचे कारण सरळ आहे. आपल्याकडे माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्याच्या चाव्यातून येतो. जगभरातही माणसाच्या रेबीजच्या शंभरपैकी नव्याण्णव घटनांत कारण कुत्राच असतो. म्हणून कुत्र्याला टोचलेली लस ही खरे तर घरातल्या मुलाबाळांना दिलेले संरक्षण असते.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या गावांसाठी ही गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. इथे कुत्रा केवळ दारात बसत नाही. तो गुराख्याबरोबर रानात जातो, मोहफुले वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला निघालेल्या घरच्यांच्या मागे चालतो, रात्री जागल करतो. दवाखाना मात्र प्रत्येक गावाजवळ नसतो. सिरोंचा गडचिरोली शहरापासून सुमारे २०० किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. कुत्रा चावल्यावर ठरलेल्या दिवशी इंजेक्शन घेण्यासाठी पोहोचणे जिथे इतके कठीण, तिथे रोग कुत्र्यातच थांबवणे अधिक शहाणपणाचे आहे.

रेबीज इतका भयंकर का?

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. चाव्यातून, ओरखड्यातून किंवा उघड्या जखमेवर लाळ पडल्याने तो आपल्या शरीरात शिरतो. तिथून तो रक्तातून पसरत नाही. मज्जातंतूंच्या आतून तो हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला साधारण एक ते तीन महिने लागतात. कधी काही आठवडेच लागतात, तर क्वचित एक वर्षाहून अधिक काळ जातो. जखम चेहऱ्यावर, मानेवर किंवा हाताच्या बोटांवर असेल तर तो लवकर पोहोचतो. लहान मुलांची उंची कमी असल्याने त्यांना चेहऱ्यावर आणि डोक्यावर चावे जास्त होतात.

विषाणू मेंदूत पोहोचून लक्षणे सुरू झाली की उपचार उरत नाही. पाण्याची भीती, घशाला आचके, वाऱ्याची झुळूकही सहन न होणे, अस्वस्थता आणि नंतर बेशुद्धी, असा हा शेवट असतो. पण चाव्यापासून लक्षणांपर्यंतचा जो काळ मिळतो, त्यात जखम धुऊन वेळेवर लस आणि गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन घेतले तर हा मृत्यू टाळता येतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणावरून काढलेल्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे रेबीजने दगावतात. प्राणी चावल्याच्या घटना वर्षाला सुमारे ९१ लाख होतात आणि त्यांतल्या चारपैकी तीन कुत्र्यांच्या असतात.

ही लस आधी कुत्र्यांसाठीच शोधली गेली

लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये पिसाळलेला कुत्रा चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो वाचला, ही गोष्ट अनेकांना माहीत असते. पण त्याआधी पाश्चर यांनी ती लस कुत्र्यांवर वापरली होती. १८८४ मध्ये सरकारी समितीने त्यांचे लस दिलेले कुत्रे तपासले आणि ते रेबीजला दाद देत नाहीत हे मान्य केले. रोग कुत्र्यातून येतो, तेव्हा कुत्र्यांनाच लस द्यावी, असा विचार त्या काळीही होता. अडचण अशी की तेव्हा एका कुत्र्याला अनेक इंजेक्शने लागत आणि लस सशांच्या मज्जारज्जूपासून करावी लागे. देशभरच्या कुत्र्यांसाठी इतकी लस आणायची कुठून? म्हणून सगळे लक्ष चावलेल्या माणसाकडे वळले.

भारतात १९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये प्राण्याच्या मेंदूपासून फिनॉल वापरून लस तयार केली. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही अनेक दशके अशीच लस बनत असे. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना पोटात घेतलेली चौदा इंजेक्शने आठवत असतील, ती हीच. या लसीत मेंदूचा अंश असल्याने काही रुग्णांच्या स्वतःच्याच मज्जासंस्थेवर दुष्परिणाम होत आणि कधी लकवा येई. भारतात माणसांसाठी तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस बंद झाले. आज माणसांना लस दंडावर दिली जाते आणि ती पूर्णपणे वेगळी आहे.

कुत्र्यांच्या बाजूने पहिले मोठे पाऊल जपानने टाकले. १९२१ च्या सुमारास उमेनो आणि दोई या संशोधकांनी एकाच इंजेक्शनमध्ये कुत्र्याला देता येईल अशी लस तयार केली. पुढे १९५० मध्ये जपानने कुत्र्यांची नोंदणी आणि लसीकरण कायद्याने सक्तीचे केले आणि १९५७ नंतर तिथल्या प्राण्यांमधून हा रोग नाहीसा झाला.

१९४८ मध्ये कोप्रोव्स्की आणि कॉक्स यांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भात वाढवून दुर्बळ केलेल्या जिवंत विषाणूची लस पुढे आणली. ती ‘फ्लुरी’ नावाने ओळखली जाते. तिचा कुत्र्यांमध्ये चांगला उपयोग झाला, पण मांजरांत आणि काही लहान पिलांत या जिवंत विषाणूमुळेच रेबीज झाल्याच्या घटना घडल्या. त्यामुळे टोचण्यासाठी पूर्ण मारलेल्या विषाणूची लस अधिक सुरक्षित ठरली. १९५८ मध्ये रेबीजचा विषाणू हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींत प्रयोगशाळेत वाढवता आला, आणि मेंदू किंवा अंडी न वापरता मोठ्या प्रमाणावर लस बनवण्याची वाट खुली झाली.

आजची कुत्र्याची लस कशी तयार होते?

प्रयोगशाळेत जपलेल्या पेशी मोठ्या टाक्यांमध्ये वाढवतात. त्यांत रेबीजचा ठरावीक प्रकारचा विषाणू सोडतात. विषाणू भरपूर वाढला की तो गाळून वेगळा करतात आणि रसायनाने पूर्ण निष्क्रिय करतात, म्हणजेच मारून टाकतात. तो खरोखर मेला आहे ना, याची तपासणी प्रत्येक घाण्याला होते. मग त्यात बहुधा ॲल्युमिनियमचा क्षार मिसळतात. त्यामुळे लस टोचलेल्या जागी जास्त वेळ टिकते आणि शरीराला तिची ओळख पटायला मदत होते.

शेवटी लसीची ताकद मोजतात. कुत्र्याच्या लसीच्या एका मात्रेत निदान १ आंतरराष्ट्रीय एकक ताकद असावी लागते. माणसाच्या लसीसाठी हीच मर्यादा २.५ एकक आहे. दोन्ही लसींची तत्त्वे सारखी असली तरी शुद्धतेचे निकष, त्यात मिसळलेले पदार्थ आणि मात्रा वेगळ्या असतात. म्हणून घरी उरलेली कुत्र्याची लस माणसाला टोचणे किंवा याउलट करणे धोक्याचे आहे. तसे कधीही करू नका.

कुत्र्यांची रेबीज लस भारतातच तयार होते. हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही संस्था राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने उभी केली आणि तिची ‘रक्षारॅब’ ही लस देशभर वापरली जाते. चांगली लस असणे ही आता अडचण उरलेली नाही. ती गावातल्या पुरेशा कुत्र्यांपर्यंत वेळेत पोहोचवणे, ही खरी अडचण आहे.

‘७० टक्के’ म्हणजे काय?

तुमच्या गावात शंभर कुत्रे आहेत असे समजा. त्यांतल्या प्रत्येकाला लस देणे कोणत्याही पथकाला जमत नाही. सुदैवाने तशी गरजही नसते. एक पिसाळलेला कुत्रा मरेपर्यंत सरासरी दोनपेक्षा कमी कुत्र्यांना हा रोग देतो. त्याने चावलेले बहुतेक कुत्रे लस घेतलेले असतील तर साखळी तुटते आणि रोग आपोआप विझतो.

मग ७० टक्केच का? कारण गावातल्या कुत्र्यांचे आयुष्य कमी असते. समजा यंदा ७० कुत्र्यांना लस दिली. वर्षभरात त्यांतले ३० अपघातात, आजारात किंवा बिबट्याच्या तोंडी गेले आणि तितकीच नवी पिले जन्मली. पुढच्या वर्षी लस घेतलेले कुत्रे शंभरात ४० उरतात. तेवढ्यावरही रोग बहुधा पसरत नाही. पण यंदा फक्त ३० कुत्र्यांना लस दिली असती, तर वर्षाअखेर सुमारे सतराच उरले असते आणि रोगाला मोकळे रान मिळाले असते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी निदान ७० टक्के कुत्र्यांना लस देण्याचा आग्रह धरते. एक वर्ष मोहीम करून थांबल्यास फायदा टिकत नाही.

कुत्रे मारून टाकले तर काम होईल, असे अनेकांना वाटते. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर १९९७ नंतर मोठ्या प्रमाणावर कुत्रे मारले गेले, तरी रेबीज तिथे टिकून राहिला. बाली बेटावरही आधी कुत्रे मारले गेले, पण रोग आटोक्यात येऊ लागला तो व्यापक लसीकरण सुरू झाल्यावर. मारताना लस घेतलेले कुत्रेही मरतात, लोक आपले कुत्रे लपवतात किंवा दुसऱ्या गावी नेतात, आणि मोकळ्या जागेत बाहेरून लस न घेतलेले कुत्रे येतात. नसबंदीने कुत्र्यांची संख्या हळूहळू आटोक्यात येते आणि तिचा उपयोग आहेच, पण रेबीज थांबवतो तो लसीचा डोस.

शेजारच्या गोव्याने काय केले?

हे आपल्या देशात जमते का, याचे उत्तर गोव्यात आहे. ‘मिशन रेबीज’ ही संस्था, गोवा शासन आणि स्थानिक संस्था यांनी २०१३ पासून तिथे काम सुरू केले. पथके जाळी घेऊन वाड्यावाड्यांत जात, कुत्रा धरून लस देत, अंगावर रंगाची खूण करत आणि तिथल्या तिथे सोडत. प्रत्येक लसीची नोंद मोबाईल ॲपमध्ये होई, त्यामुळे कोणती वाडी राहिली हे त्याच दिवशी कळे. जोडीला शाळांमधून मुलांना माहिती दिली गेली आणि संशयित कुत्र्यांचा शोध घेणारी यंत्रणा उभी राहिली.

२०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या शोधपत्रिकेत याचे निष्कर्ष आले. कुत्र्यांमधील रेबीजच्या मासिक घटना ९२ टक्क्यांनी घटल्या होत्या आणि २०१८ व २०१९ मध्ये राज्यात माणसाचा रेबीजने एकही मृत्यू नोंदला गेला नाही. मेक्सिकोसारख्या मोठ्या देशानेही वर्षानुवर्षे कुत्र्यांना लस देऊन २०१९ मध्ये कुत्र्यापासून माणसाला होणारा रेबीज संपवल्याची जागतिक मान्यता मिळवली. भारत सरकारच्या २०२१ च्या राष्ट्रीय कृती आराखड्याचे उद्दिष्टही २०३० पर्यंत हेच साध्य करण्याचे आहे.

जंगलातल्या गावांत अडचण कुठे येते?

गोवा लहान आहे, रस्ते चांगले आहेत, वीज आहे. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला आहे आणि पाडे दूर दूर विखुरलेले आहेत. इथे तीन प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न थंडाव्याचा. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. चंद्रपूरच्या मे महिन्याच्या उन्हात बर्फाच्या डब्याशिवाय ती नेता येत नाही. या बाबतीत टांझानियातून आशादायक माहिती आली आहे. तिथे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्यांची एक लस २५ अंशांवर सहा महिने किंवा ३७ अंशांवर तीन महिने ठेवूनही तितकीच प्रभावी राहिली. हा निष्कर्ष त्या एका लसीपुरता आहे. आपल्याकडे बाटलीवर लिहिलेले तापमानच पाळायचे असते. गोठलेली लसही वापरायची नसते.

दुसरा प्रश्न कुत्रा धरण्याचा. गावातले बरेचसे कुत्रे कोणाचे तरी असतात, पण दोरीला बांधलेले नसतात. अनोळखी माणूस दिसला की ते रानात पळतात. यावर उपाय म्हणून खाण्यातून देण्याची लस विकसित झाली. तिचा पहिला वापर १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोल्ह्यांसाठी झाला. कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती डोंगरदऱ्यांत ठेवली गेली, आणि पुढे १९९९ मध्ये तो देश रेबीजमुक्त झाला. आता थायलंड आणि नामिबियासारख्या देशांत कुत्र्यांसाठी अशा आमिषांची चाचणी झाली आहे. गोव्यातही आत लस न घातलेले आमिष देऊन पाहिले, तेव्हा जाळीने धरण्यापेक्षा अधिक कुत्र्यांपर्यंत कमी माणसांत पोहोचता येते असे दिसले. या लसीत जिवंत पण दुर्बळ केलेला विषाणू असतो. त्यामुळे आमिष मुलांच्या हाती लागू नये यासाठी कडक काळजी लागते. आपल्याकडच्या मोहिमांत आजही टोचण्याचीच लस वापरतात.

तिसरा प्रश्न वेळेचा. मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसे आणि त्यांच्यामागे कुत्रे पहाटेच रानात जातात. पावसाळ्यात रस्ते बंद होतात. म्हणून शिबिराचा दिवस गावाला विचारून, पीक हाती आल्यावर आणि उन्हाळी हंगाम सुरू होण्याआधी ठरवला तर जास्त कुत्रे मिळतात.

रान आणि गुरे यांचाही संबंध आहे

ताडोबाच्या आसपासच्या गावांतला कुत्रा रानात जातो, आणि कोल्हा, मुंगूस गावाच्या कडेला येतात. रेबीज गावच्या कुत्र्यातून रानातल्या प्राण्यांतही शिरू शकतो. इथिओपियाच्या बाले पर्वतात १९९० च्या दशकात आणि पुन्हा २००३ मध्ये गावच्या कुत्र्यांकडून आलेल्या रेबीजने दुर्मीळ लांडग्यांचे कळप मोडले. आपल्याकडचे रानकुत्रेही कळपाने राहतात, एकमेकांना चाटतात, एकत्र खातात. गावच्या कुत्र्यांना लस देणे ही त्यांचीही राखण आहे.

गाय, बैल, शेळी यांनाही पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने रेबीज होतो. अशा बैलाच्या तोंडातून लाळ गळते, त्याला गिळता येत नाही. घशात काही अडकले असे वाटून शेतकरी त्याच्या तोंडात हात घालतात. हे फार धोक्याचे आहे. असा हात घातला असेल तर साबणाने धुऊन लगेच दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना नेमके काय झाले ते सांगा. अशा जनावराचे दूध वापरू नका. उकळलेले दूध आधीच प्यायले असेल तर घाबरू नका, उकळल्याने विषाणू मरतो.

तुमच्या कुत्र्याला लस केव्हा द्यावी?

- पहिली लस पिलू तीन महिन्यांचे झाल्यावर. आईने लस घेतलेली असेल तर तिच्याकडून आलेली प्रतिपिंडे लहान पिलात लसीच्या आड येतात, म्हणून हे वय धरले जाते. सामूहिक मोहिमेत मात्र त्याहून लहान पिलांनाही लस देतात, कारण पुढची संधी केव्हा येईल हे सांगता येत नाही.
- त्यानंतरचा बूस्टर पशुवैद्यक सांगतील त्या वेळी. पुढे दरवर्षी एकदा.
- लस टोचली त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही. शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात.
- टोचलेल्या जागी गाठ किंवा एक-दोन दिवस सुस्ती येऊ शकते. तोंड सुजले किंवा श्वास लागला तर लगेच पशुवैद्यकांकडे न्या. असे क्वचितच होते.
- या लसीतला विषाणू मेलेला असतो. लसीमुळे कुत्रा पिसाळत नाही.
- लसीचे कार्ड जपून ठेवा. त्यावर तारीख आणि लसीचे नाव असू द्या.

चौकशीसाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, तिथले पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक यांना भेटा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

लस दिलेला कुत्रा चावला तर?

दवाखान्यात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ‘डॉक्टर, आमच्या कुत्र्याला लस दिली आहे, मग मला इंजेक्शन कशाला?’

उत्तर असे: तरीही दवाखान्यात यावेच लागते. लस नीट थंड ठेवली होती का, वेळेवर दिली का, तिचा परिणाम झाला का, हे आपण डोळ्यांनी पाहू शकत नाही. लस देण्याआधीच त्या कुत्र्याला दुसऱ्या पिसाळलेल्या कुत्र्याने चावले असेल, तर लस घेऊनही तो पिसाळू शकतो. कुत्र्याची लस धोका खूप कमी करते, पूर्ण संपवत नाही. चाव्यानंतर काय करायचे ते असे:

१. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटे धुवा. नळ नसेल तर तांब्याने पाणी ओतत राहा. हे घरीच, सगळ्यात आधी करायचे.

२. हळद, तिखट, चुना, तंबाखू, बिब्बा, रॉकेल यांतले काहीही लावू नका. जखमेवर घट्ट पट्टी बांधू नका.

३. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. पुजाऱ्याकडे किंवा वैदूकडे जायचे असेल तर ते दवाखान्यानंतर. मंत्राने किंवा झाडपाल्याने विषाणू मेंदूकडे जायचा थांबत नाही.

४. कातडीत देण्याची लस दोन्ही दंडांवर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दिली जाते. स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. पहिला दिवस ‘शून्य’ धरतात. पूर येण्याची शक्यता असेल तर पुढच्या तारखांना कुठे लस मिळेल हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. एखादी तारीख चुकली तर लस सोडून देऊ नका, शक्य तितक्या लवकर जा.

५. कातडी फाटून रक्त आले असेल किंवा लाळ तोंडात, डोळ्यात, उघड्या जखमेवर गेली असेल, तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडेही लागतात. जखम असेल तर ती जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. लसीचा परिणाम व्हायला काही दिवस लागतात, तोवर ती राखण करतात. यासाठी इम्युनोग्लोब्युलिन किंवा मोनोक्लोनल प्रतिपिंडे वापरतात. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने असे एक औषध विकसित केले आहे.

६. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवा, पण उपचार आजच सुरू करा. दहा दिवसांनी कुत्रा ठणठणीत असेल तर पुढचे डोस कसे द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. दहा दिवसांचा हा नियम फक्त कुत्रा आणि मांजर यांच्यासाठी आहे. कोल्हा, लांडगा, मुंगूस, अस्वल असा कोणताही रानटी प्राणी चावला तर वाट न पाहता पूर्ण उपचार घ्या.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, तान्हे बाळ, म्हातारी माणसे, यांपैकी कोणालाही चाव्यानंतरची लस वर्ज्य नाही. पूर्वी पूर्ण कोर्स झाला असेल तर पुन्हा चावल्यावर सहसा दोनच डोस पुरतात, म्हणून जुना कागद सोबत आणा.

कुत्रा पिसाळला हे कसे ओळखावे?

प्रत्येक पिसाळलेला कुत्रा धावून चावत सुटत नाही. काहींचा आवाज बदलतो, लाळ गळते, ते लाकूड-दगडही चावतात आणि दिशाहीन भटकतात. काही मात्र अंधाऱ्या कोपऱ्यात गप्प पडून राहतात, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही. हाड अडकले असे समजून घरचे तोंडात हात घालतात. घरच्या शांत कुत्र्याचे वागणे अचानक बदलले तर मुलांना दूर ठेवा, शक्य असल्यास त्याला कोंडा आणि पशुवैद्यकांना कळवा. तो मेला तर उघड्या हाताने उचलू नका.

गाव म्हणून काय करता येईल?

एका घराने आपल्या कुत्र्याला लस दिली तर त्या घराचा धोका कमी होतो. संपूर्ण गावाने दिली तर रोगच थांबतो. त्यासाठी ग्रामसभेत हा विषय घ्या. गावात अंदाजे किती कुत्रे आहेत, त्यांतले किती घरचे आणि किती बेवारस, हे आशाताई, शाळेचे शिक्षक आणि तरुण मुले मिळून दोन दिवसांत मोजू शकतात. ती यादी घेऊन पशुसंवर्धन विभागाकडे शिबिराची मागणी करा. शिबिराच्या दिवशी कुत्र्याला दोरी बांधून आणा, कारण मालकाच्या हातातला कुत्रा अनोळखी पथकापेक्षा शांत राहतो. लस दिलेल्या कुत्र्याला रंगाची खूण करा आणि वही ठेवा. पुढच्या वर्षी तीच वही उघडून पुन्हा मोजा.

कुत्रे धरण्यास मदत करणारे स्वयंसेवक, पशुवैद्यकीय कर्मचारी आणि वनरक्षक यांनी चावण्याआधी घेता येणाऱ्या लसीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे.

या आठवड्यात एवढे करा. तुमच्या कुत्र्याचे लसीचे कार्ड शोधा आणि शेवटची तारीख पाहा. वर्ष उलटून गेले असेल किंवा कार्डच नसेल, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. आणि घरातल्या मुलांना एक गोष्ट पक्की सांगा: कुत्र्याने नुसते ओरखडले तरी रागावणार नाही, पण लगेच येऊन सांगायचे. मार बसेल या भीतीने लपवलेला छोटा चावाच पुढे जिवावर बेततो.